एकोणीस नंबरचं तळं

धानाच्या बंद गिरणीत,
जिथे आता कोंड्याचा वासच तेवढा कामावर येतो,
आम्ही जाळं टांगलं.
छपराच्या कैचीपासून जमिनीपर्यंत एकेचाळीस पट्टे,
एका तळ्याचा एक.
गाठ म्हणजे मासा. रंग म्हणजे जात:
मरळ काळी, शिंगूर पिवळी,
बोटरीसाठी जरीचा दोरा, तो भंडाऱ्याहून आणला.
खालून वर तीन वर्षं.

विद्यापीठाच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या,
प्राणिशास्त्र, ललितकला.
मी दोन्हींवर खूण केली. फॉर्म परत आला.
मग एकीवरच केली
आणि दुसरी अशी दोऱ्यादोऱ्यानं आत आणली.
सर येऊन गेले. म्हणाले, हेमांगी, आलेख कुठे आहे?
म्हटलं, सर, तुम्ही त्याच्या आत उभे आहात.
ते हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

फरशीखाली सेन्सर.
बसथांब्यामागे खेमराजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे,
त्यानं जुन्या वजनकाट्यांतून काढून बसवलेले.
पट्ट्यासमोर कुणी उभं राहिलं
की त्या तळ्याचे मासे उजळायचे
आणि जे उरले नाहीत त्यांच्या जागी
काळोख तसाच.
सुंदर होतं. मीच केलेलं, तरी सांगते.

पोरांनी उड्या मारून तेरा तळी एकदम पेटवली.
मासेमार संस्थेचे सचिव आपल्या तळ्यासमोरून हलेनात,
तिथं फार उजेड पडत नव्हता.
चार वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.
खेमराज इन्व्हर्टरकडे धावला.
इन्व्हर्टर वडशाला लग्नाला गेला होता.

माझी तीन वर्षं
अंधारात नुसती लोंबत राहिली.

लोक निघाले. चपला शोधल्या जात होत्या.
बिजाबाई वलथरे तेवढ्या निघाल्या नाहीत.
हात वर केला, पट्टा धरला,
आणि धान्य निवडावं तशी बोटं
घराघरातून खाली येऊ लागली.
जन्मभर कंदिलाशिवाय जाळी विणलेली बाई,
तिला माझा सेन्सर कशाला लागतो?

हे कोनतं तरा?
एकोणीस नंबर, मी म्हणाले.
नंबर नोको सांगू.
शिवनीची बोडी.
बोटं थांबली. इथं मरळ नाही बांधली तू.
दुसऱ्या वर्षी शून्य आलं, आजी. जाळं टाकून पाहिलं होतं.
कोन्या महिन्यात?
जीप उशिरा मिळाली होती. आषाढात.

मग आखाडात मरळ तऱ्यात कायले राहीन?
बांधीत चढते, अंडे घालाले.
मासा होता बाई.
तू दुसरीकडं पाहत होती.

मी काही बोलले नाही.
माझ्या तक्त्यात किती शून्यं होती
ते मला तोंडपाठ होतं,
त्यातली किती माशांची आणि किती जीपची,
हे नव्हतं.

लुगड्याच्या काठाचा सुटलेला दोरा
त्यांनी दातानं तोडला
आणि अंधारातच गाठ मारली.
लाल. माझ्या रंगसूचीत लाल नव्हता.
मग पार्वता आली, मग सचिवांची सून.
लाइट आली तेव्हा सात तळी चुकीची होती,
किंवा पहिल्यांदाच बरोबर.

प्रबंधात मी शून्य खोडून लिहिलं, माहीत नाही.
सॉफ्टवेअरनं तो रकाना घेतला नाही.
तोंडी परीक्षेत विचारलं, लाल गाठींचा स्रोत?
मी नाव सांगितलं. पुढे म्हणाले, बोटं.
त्यांनी काय लिहून घेतलं, दिसलं नाही.

जाळं उतरवलं तेव्हा बिजाबाईंनी आपला पट्टा मागितला.
मासे धराले नाही, म्हणाल्या,
घरं लय मोठी ठेवली तू, सगळे निसटतीन.
परवा खेमराजनं फोटो पाठवलाय:
कुडाला टेकून एकोणीस नंबर,
त्यावर दोडका.
वेल तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलीय.